डॉक्टर खोटा, नर्स खरी

रात्रीचे साडेसात-आठ वाजले की अनेक घरांत एक ठरलेली लगबग सुरू होते. कुकरची शेवटची शिट्टी, कणकेचे हात धुणं, मुलांना 'आता अर्धा तास कुणी हाक मारायची नाही' असा दम आणि मग टीव्हीसमोरची ठरलेली जागा. घरातल्या पुरुषमंडळींचा शेराही ठरलेलाच, ''झालं का सुरू तुमचं रडगाणं!'' हीच मंडळी क्रिकेटची मॅच असली की सोफ्यावर बसून कप्तानाला फील्डिंग लावून देतात, आवडता बॅट्समन आऊट झाला की रिमोट आपटतात, हरल्यावर त्यांना जेवण गोड लागत नाही. पण त्याला म्हणायचं 'खेळाची आवड'. बाईने मालिकेतल्या सुनेसाठी डोळे पुसले की मात्र ती बावळट. तिला खरं काय, खोटं काय, ते कळत नाही!

खरंच कळत नाही का हो? आणि समजा, एखादीला एखाद्या दिवशी खरोखरच कळेनासं झालं, तर? ती मालिकेतल्या नायकाला खरा माणूस समजून त्याला शोधायला घराबाहेर पडली तर?

नेमकी हीच कल्पना घेऊन २००० साली एक अमेरिकन चित्रपट आला. 'नर्स बेट्टी'. दिग्दर्शक नील लाब्यूट आणि बेट्टीच्या भूमिकेत रेने झेल्वेगर. झेल्वेगर म्हटलं की आपल्याला पुढच्याच वर्षी आलेली 'ब्रिजेट जोन्स' आठवते. पण तिच्या आधीची ही बेट्टी जास्त गोड आणि जास्त विचार करायला लावणारी. या भूमिकेसाठी तिला गोल्डन ग्लोब मिळालं. पटकथेसाठी जॉन रिचर्ड्स आणि जेम्स फ्लॅमबर्ग यांना २००० च्या कान महोत्सवात पुरस्कार मिळाला. चित्रपट विनोदी आहे, पण चाकोरीतला नाही. हसता हसता मध्येच अंगावर काटा येतो आणि काटा जातोय न जातोय तोच पुन्हा हसू येतं. 'हे काय चाललंय?' असं वाटत असतानाच बेट्टी आपल्याला हाताला धरून पुढे घेऊन जाते.

कॅन्ससमधली वहिनी

बेट्टी राहते अमेरिकेच्या मधोमध असलेल्या कॅन्सस राज्यातल्या एका छोट्या गावात. तिथल्या एका खाणावळवजा हॉटेलात ती वेट्रेस आहे. हसतमुख, कामाला वाघ, कुणाला कधी उलटून न बोलणारी. आपल्याकडे असती तर अख्ख्या चाळीची 'वहिनी' झाली असती! हॉटेलातल्या टीव्हीवर 'अ रीझन टू लव्ह' नावाची मालिका लागते. नावावरूनच कळतं, काय प्रकारची असेल ते. त्यातला देखणा, दुःखी, विधुर हृदयरोगतज्ज्ञ डॉ. डेव्हिड रॅव्हेल हा बेट्टीचा जीव की प्राण. डोळे टीव्हीवर आणि हात गिऱ्हाइकाच्या कपात कॉफी ओततोय, तरी एक थेंब सांडत नाही. हे कसब आपल्याला नवीन नाही. टीव्हीवर नजर ठेवून शेंगा सोलणाऱ्या, लसूण निवडणाऱ्या कितीतरी बायका आपण पाहिल्या आहेत.

घरी नवरा आहे. डेल त्याचं नाव. जुन्या-नव्या गाड्या विकतो, बाहेर भानगडी करतो, घरी बायकोवर गुरकावतो. तो काही मारझोड करणारा राक्षस दाखवलेला नाही. बायको म्हणजे घरातली एक सोयीची वस्तू, असं मानणारा साधा, रोज दिसणारा असंस्कृत माणूस. बेट्टीला नर्स व्हायचं होतं. ते राहून गेलं. कसं राहून गेलं, याची मोठी कहाणी चित्रपट सांगत बसत नाही. सांगायची गरजही नाही. 'राहून गेलं' या दोन शब्दांत काय काय मावतं, ते आपल्याला माहीत आहे.

तिच्या वाढदिवसाला हॉटेलातली मंडळी तिला काय भेट देतात? डॉ. रॅव्हेलचं पुठ्ठ्याचं पूर्णाकृती चित्र! नवऱ्याला तिच्या वाढदिवसाचं सोयरसुतक नाही, पण हॉटेलात तिच्याबरोबर राबणाऱ्यांना तिची आवड बरोबर ठाऊक आहे.

त्या संध्याकाळी मैत्रिणीबरोबर बाहेर जायचा बेत मैत्रिणीच्या मुलांपायी रद्द होतो आणि बेट्टी घरातच एका खोलीत मालिकेचा टेप केलेला भाग बघत बसते. बाहेरच्या खोलीत डेल दोन पाहुण्यांना घेऊन येतो. त्याने अमली पदार्थांच्या चोरट्या व्यवहारात हात घातलेला असतो आणि हे पाहुणे म्हणजे त्याच्या वसुलीसाठी आलेले मारेकरी. बेट्टी घरात आहे, हे कुणाच्याच गावी नाही. दाराच्या फटीतून ती आपल्या नवऱ्याचा खून बघते. फार क्रूर खून आहे तो. (हा प्रसंग बघवत नाही, हे आधीच सांगते. मुलांना घेऊन बघायचा हा चित्रपट नव्हे.) समोर हे घडत असताना तिच्या पाठीमागे टीव्हीवर डॉ. रॅव्हेल बोलत असतो. त्या क्षणी बेट्टीच्या डोक्यात काहीतरी 'खट्' होतं. समोरचं जग ती बंद करते आणि मागचं चालू ठेवते.

आता ती डेलची बायको उरत नाही. ती नर्स बेट्टी आहे, डॉ. रॅव्हेलची एके काळची वाग्दत्त वधू. तिने त्याला ऐन लग्नात सोडून दिलं होतं, चूक झाली आणि आता त्याला गाठून सगळं नीट करायचं आहे. गाडी काढून ती लॉस एंजेलिसच्या दिशेने निघते. तिला पत्ता नाही की याच गाडीच्या डिकीत तो सगळा चोरटा माल आहे. साहजिकच ते दोन मारेकरी तिच्या मागावर निघतात.

खोट्या नावाखाली खरं काम

इथून पुढे चित्रपटात एक मजेशीर गोष्ट घडत जाते. बेट्टीच्या डोक्यातली गोष्ट सगळी खोटी आहे, पण त्या खोट्या गोष्टीच्या आधाराने ती जे करते ते एकेक खरं होत जातं.

जिने गावाबाहेर एकटीने पाऊल टाकलं नव्हतं, अशी बाई शेकडो मैल गाडी चालवत जाते. वाटेत ॲरिझोनातल्या एका बारमधली बाई तिला आपल्या रोमच्या प्रवासाबद्दल सांगते. आयुष्यात एकदा केलेला एक प्रवास बाईला किती वर्षं पुरतो, ते त्या दोन-तीन मिनिटांच्या गप्पांत सुरेख आलंय. लॉस एंजेलिसला पोहोचल्यावर बेट्टी थेट रुग्णालयात जाऊन काम मागते. तिथे ध्यानीमनी नसताना गोळीबारात जखमी झालेल्या एका तरुणाचा जीव ती वाचवते. कशी? मालिकेत पाहिलेला उपाय आठवून! नर्स म्हणून नोंदणीची कागदपत्रं नाहीत म्हणून तिला पूर्ण नर्सचं काम मिळत नाही, पण रुग्णालयात जागा मिळते. त्या तरुणाची बहीण रोझा तिला आपल्या घरात ठेवून घेते. म्हणजे बघा, खोट्या नावावर का होईना, बेट्टीला नोकरी मिळाली, छप्पर मिळालं, जिवाभावाची मैत्रीण मिळाली. गावात 'खऱ्या' आयुष्यात यातलं किती होतं तिच्याकडे?

रोझाला जेव्हा कळतं की ही बाई ज्या डॉक्टरला शोधतेय तो मालिकेतला डॉक्टर आहे, तेव्हा ती चक्रावते. बेट्टीचा भ्रम एकदाचा फुटावा म्हणून ती तिला एका समारंभात घेऊन जाते. रॅव्हेलची भूमिका करणारा नट जॉर्ज मॅकॉर्ड तिथे आलेला असतो. आणि इथे चित्रपटातला सर्वांत खुमासदार प्रसंग घडतो. बेट्टी त्याच्याशी 'डेव्हिड' म्हणून, गळा दाटून, पश्चात्तापाने बोलते. जॉर्जला वाटतं, ही कुणी तरी धडपडी नटी आहे, मालिकेत काम मिळवण्यासाठी नाटक वठवतेय. काय जबरदस्त अभिनय करते, एक क्षणही भूमिका सोडत नाही! तो तिच्यावर खूश. ती मनापासून बोलतेय आणि समोरच्याला तो अभिनय वाटतोय. तो अभिनय करतोय आणि तिला ते प्रेम वाटतंय. हसून हसून पुरेवाट होते, पण हसताना आत कुठेतरी टोचतं. लग्न नावाच्या संस्थेत असे कितीतरी संवाद रोज चालतात, नाही का?

वेड एकट्या बेट्टीलाच?

मला हा चित्रपट आवडण्याचं मुख्य कारण इथून पुढे आहे. बेट्टी वेडी आणि बाकीचे शहाणे, अशी सोपी वाटणी तो करत नाही.

चार्ली हा त्या दोन मारेकऱ्यांतला वयस्क, आदबशीर माणूस. मॉर्गन फ्रीमनने ही भूमिका फार सुंदर केली आहे. शेवटचं काम उरकायचं आणि निवृत्त व्हायचं, असं ठरवलेला थंड डोक्याचा व्यावसायिक. बेट्टीला शोधायला म्हणून तो तिचा फोटो घेऊन फिरतो, लोकांना तिच्याबद्दल विचारतो. जो तो सांगतो की फार चांगली बाई! ऐकता ऐकता हा म्हातारा त्या फोटोतल्या बाईच्या प्रेमात पडतो. ग्रँड कॅनियनच्या काठावर, चांदण्यात, ती समोर आली आहे असं त्याला दिसतं. तो तिच्याबरोबर नाचतो. त्याचा तरुण जोडीदार वेस्ली, म्हणजे ख्रिस रॉक, डोक्याला हात लावून घेतो.

आता सांगा, टीव्हीवरच्या माणसावर जीव लावणारी बेट्टी आणि फोटोतल्या बाईवर जीव लावणारा चार्ली, यांत फरक काय? एवढाच, की तिच्यावर संकट कोसळलं म्हणून ती स्वप्नात गेली. हा शुद्धीवर असून गेला! प्रत्यक्षातली बेट्टी त्याला माहीतच नाही. त्याने आपल्या मनाजोगती एक सालस, कुलीन बाई बनवली आणि तिला बेट्टीचा चेहरा लावला. पुरुषांनी बायकांच्या बाबतीत हे इतक्या वेळा केलंय की त्याला आपण 'काव्य' म्हणतो. बायकांनी केलं की 'मालिकांचं वेड'!

तोच प्रकार नट जॉर्जचा. लोक त्याला डॉक्टर समजून आदर देतात, त्याची त्याला इतकी सवय झालीय की बेट्टीच्या डोळ्यांतलं प्रेम हे आपल्याच गुणांचं फळ आहे, असं त्याला वाटतं. आणि सतत बेट्टीला नावं ठेवणारा वेस्ली? शेवटी शेवटी तोही मालिकेसमोर बसतो आणि त्यात गुंततो! कुणीच सुटत नाही.

कॅन्ससचा धागाही मुद्दाम आहे बरं का. १९३९ च्या 'द विझार्ड ऑफ ऑझ' या चित्रपटातली डोरोथीदेखील कॅन्ससचीच. वादळात उडून ती रंगीत जादूनगरीत पोहोचते आणि सगळं पाहून झाल्यावर घरी परत यायची धडपड करते. बेट्टीच्या बाबतीत वादळ तिच्याच घरात झालं. परत जाण्यासारखं घर तिच्याकडे नाही.

मिहीर मेला तेव्हा...

नट आणि भूमिका यांची गल्लत अमेरिकेतच होते असं कुणी समजू नये. निळू फुले आठवा. स्वभावाने अत्यंत सज्जन, सेवादलात घडलेला, सामाजिक कामात रमलेला माणूस. पण पडद्यावर त्यांनी पाटील आणि सरपंच असे काही रंगवले, की गावोगावच्या बायका त्यांच्या नावाने बोटं मोडत. ही त्यांच्या अभिनयाला मिळालेली पावती होती, पण तिची किंमतही त्यांनीच मोजली. १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं तेव्हा टीव्हीला हार घालणारी घरं होती आणि रामाची भूमिका करणाऱ्या अरुण गोविल यांच्या लोक पाया पडत. त्या श्रद्धेत बायका होत्या तसे पुरुषही होते.

गंमत म्हणजे ज्या वर्षी 'नर्स बेट्टी' आला, त्याच २००० साली आपल्याकडे 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली. पुढच्याच वर्षी त्यातला मिहीर अपघातात गेला आणि घराघरांत सुतक आल्यासारखं झालं. प्रेक्षकांनी एवढा गदारोळ केला की वाहिनीला त्याला परत जिवंत करावं लागलं. तेव्हा वर्तमानपत्रांतून बायकांची खूप टिंगल झाली. मला मात्र तेव्हाही वाटायचं, मिहीरसाठी रडणाऱ्या बायकांना तो खोटा आहे हे माहीत नव्हतं थोडंच? तो खोटा होता म्हणूनच त्याच्यासाठी मोकळेपणी रडता येत होतं. सासू-सासरे, दीर-नणंदा सगळ्यांसमोर बसून रडता येईल असं दुसरं निमित्त किती जणींकडे होतं? स्वतःच्या दुःखासाठी रडलं तर 'काय कमी आहे तुला इथे?' असा प्रश्न येतो. मिहीरसाठी रडलं तर फक्त हसतात. परवडलं!

समाजशास्त्रज्ञांनी याचा विचार फार आधी केलेला आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ मध्येच यावर एक निबंध लिहिला होता. पडद्यावरचा माणूस थेट आपल्याशी बोलतोय असं वाटतं, रोज भेटतो म्हणून तो ओळखीचा होतो आणि हळूहळू एक दुरूनची जवळीक तयार होते, असं त्यांचं म्हणणं. हे नातं एकतर्फी असतं. आपण त्याला ओळखतो, तो आपल्याला ओळखत नाही. तेव्हा टीव्ही नवा होता. आता मोबाइलवर रोज सकाळी आपल्याला 'हाय' म्हणणारे कितीतरी चेहरे आहेत आणि त्यांच्यात गुंतलेल्यांत बाप्येही आहेत, कॉलेजातली मुलंही. बेट्टीला हसायचा अधिकार कुणाला उरलाय?

शिक्षिकेने घडवलेलं जग

या मालिकांचा जन्मही एका बाईच्या हातून झालेला आहे. इर्ना फिलिप्स ही मुळात शिक्षिका. १९३० साली शिकागोच्या एका रेडिओ केंद्रासाठी तिने 'पेंटेड ड्रीम्स' ही रोजची कौटुंबिक श्रुतिका लिहिली. अशा प्रकारच्या मालिकांची सुरुवात त्या श्रुतिकेपासून धरतात. नावच बघा, रंगवलेली स्वप्नं! दुपारच्या वेळी घरकाम करणाऱ्या बायका ऐकणार म्हणून साबण बनवणाऱ्या कंपन्यांनी अशा श्रुतिकांना पैसे पुरवले आणि त्यावरूनच 'सोप ऑपेरा' हे नाव पडलं. 'पेंटेड ड्रीम्स'च्या हक्कांवरून फिलिप्सबाई रेडिओ केंद्राशी कोर्टात भांडल्या आणि हरल्या. नंतर मात्र आपल्या मालिकांचे हक्क स्वतःकडे ठेवायचे, हे त्यांनी पक्कं केलं. १९३७ साली रेडिओवर सुरू झालेली त्यांची 'गायडिंग लाइट' १९५२ मध्ये टीव्हीवर गेली आणि थेट २००९ पर्यंत चालली. म्हणजे ७२ वर्षं! आपल्या 'चार दिवस सासूचे'ला आपण उगीच नावं ठेवत होतो.

याच 'गायडिंग लाइट'मध्ये १९६२ साली एक गोष्ट घडली, ती मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ॲग्नेस निक्सन ही फिलिप्सबाईंच्या हाताखाली तयार झालेली लेखिका. तिची एक मैत्रीण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली होती. 'पॅप स्मिअर' नावाची साधी तपासणी वेळेवर झाली असती तर ती वाचू शकली असती, हे निक्सनच्या मनाला लागून राहिलं. तिने मालिकेतल्या बर्ट या लोकप्रिय गृहिणीच्या वाट्याला ते कथानक द्यायचं ठरवलं. अडचण अशी की 'कर्करोग' आणि 'गर्भाशय' हे शब्द टीव्हीवर उच्चारायला तेव्हा मनाई! निक्सनने ते शब्द टाळून सगळी गोष्ट सांगितली. ज्यांना कळायची त्यांना बरोबर कळली. बायका आपणहून तपासणीला गेल्या. खोट्या बर्टच्या आजारपणामुळे खऱ्या बायकांची तपासणी झाली.

आपल्याकडे १९८४ मध्ये 'हम लोग' आली तीही याच विचाराने. मेक्सिकोत कुटुंबनियोजनाचा आणि साक्षरतेचा प्रचार मालिकांमधून यशस्वी झाला होता, तो प्रयोग आपल्या मातीत करून पाहायचा होता. प्रत्येक भागाच्या शेवटी दादामुनी अशोक कुमार येऊन दोन शब्द बोलायचे आणि प्रेक्षकांची पत्रं लाखांनी यायची. बडकीचं लग्न कुणाशी व्हावं याबद्दल पोटतिडकीने लिहिणाऱ्यांना ती खरी मुलगी नाही हे माहीत होतं. पण तिच्यासारख्या मुली त्यांच्या घरात, शेजारात होत्या. पत्र त्या मुलींसाठी होतं.

बेट्टीने मालिका पाहून एक जीव वाचवला, हा प्रसंग चित्रपटात विनोद म्हणून येतो. पण 'गायडिंग लाइट'ची हकिगत माहीत असली की तो विनोद तितकासा अशक्य वाटत नाही.

भ्रम फुटतो तेव्हा

मानसोपचाराच्या भाषेत बेट्टीच्या अवस्थेला 'फ्यूग' म्हणतात. जबर मानसिक धक्क्यानंतर माणूस स्वतःची ओळख विसरतो, कधी दूर निघून जातो, कधी वेगळ्याच नावाने वावरतो. हे फार क्वचित घडतं, पण घडतं. अगाथा ख्रिस्ती १९२६ च्या डिसेंबरमध्ये ११ दिवस बेपत्ता होती, ती हकिगत अनेकींनी वाचली असेल. त्या वर्षी तिची आई गेली होती आणि नवऱ्याने दुसऱ्या बाईसाठी घटस्फोट मागितला होता. सापडली तेव्हा ती हॅरोगेटच्या एका हॉटेलात उतरलेली होती, वहीत आडनाव लिहिलं होतं ते नवऱ्याच्या त्या मैत्रिणीचं! तो स्मृतिभ्रंश होता की आणखी काही, याबद्दल आजही वाद आहेत. रहस्यकथांच्या सम्राज्ञीने आपलं एवढं एक रहस्य शेवटपर्यंत उलगडलं नाही. चित्रपटातली बेट्टी मालिकेतलं जगच खरं मानते हा अर्थात पटकथाकारांनी घातलेला मसाला. पण असह्य झालं की मन एक दार बंद करून घेतं, एवढं त्यातलं खरं आहे.

बंद दार कधी तरी उघडावं लागतं. (ज्यांना चित्रपट पाहायचा आहे त्यांनी इथून पुढचे दोन परिच्छेद नंतर वाचावेत.) जॉर्ज तिला मालिकेच्या सेटवर घेऊन जातो. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा, कॅमेऱ्यासमोर उभं करायचं, असा त्याचा बेत. तिथे बेट्टी बघते, की ज्या रुग्णालयाचे कोपरे न् कोपरे तिला पाठ आहेत, त्याला भिंती तीनच आहेत. चौथ्या बाजूला कॅमेरे, दिवे आणि तोंडाकडे बघत उभी असलेली माणसं. ती थिजते. तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. जॉर्ज सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडतो. तोपर्यंतचा हळवा, समंजस डॉ. रॅव्हेल एका क्षणात डेलसारखाच गुरकावू लागतो. इथे रेने झेल्वेगरचा चेहरा बघण्यासारखा आहे. एकाच वेळी तिला नवऱ्याचा खून आठवतो, आपण कोण ते आठवतं आणि आपण काय करून बसलो तेही. चित्रपटगृहात खळखळून हसणारा प्रेक्षक इथे गप्प होतो.

मारेकरीही तिला गाठतात. तेव्हा कळतं की वेस्ली हा चार्लीचा मुलगा आहे. त्या झटापटीत वेस्ली मारला जातो. आपलंही मरण समोर दिसत असताना चार्ली बेट्टीशी बोलतो. तुला त्या डॉक्टरची गरज नाही, त्या नटाची नाही, कुठल्याच पुरुषाची नाही, तू स्वतःला पुरेशी आहेस, अशा आशयाचं काहीतरी तो सांगतो. हा उपदेश एका खुन्याच्या तोंडी आहे, हे विसरता येत नाही. तिच्या नवऱ्याला मारणारा हाच. आणि तरीही बेट्टीला हे सांगणारा पहिला माणूस तोच, ही तिच्या आयुष्याची शोकांतिका म्हणायची की विनोद, ते दिग्दर्शक आपल्यावर सोडतो. पुढे बेट्टी मालिकेत काही भाग काम करते. ती नटी बनून तिथेच राहत नाही. त्या पैशांतून ती नर्सिंगचं शिक्षण घेते. आणि रोमला जाते. एकटी.

चित्रपटात खटकण्यासारखं काही नाही असं नाही. योगायोग जरा जास्तच आहेत. खुनाचा प्रसंग इतका रक्ताळलेला दाखवायची काही गरज नव्हती. विनोद आणि क्रौर्य यांचं मिश्रण काहींना अजिबात झेपणार नाही. शिवाय बेट्टीला मोकळं व्हायला नवरा मरावा लागला, हेही मला आवडलेलं नाही. साध्या, रोजच्या, न मरणाऱ्या डेलबरोबर राहणाऱ्या बायकांनी काय करायचं, त्याचं उत्तर इथे मिळत नाही.

पण एक गोष्ट हा चित्रपट नेमकी पकडतो. शुद्धीवर आल्यावर बेट्टीचा डॉक्टर गेला, नर्स राहिली. तिच्या स्वप्नात दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. एक, कुणीतरी येऊन आपल्याला या सगळ्यातून बाहेर काढील. ती पुठ्ठ्याची होती. दुसरी, आपण नर्स व्हावं, कुणाच्या तरी दुखण्यावर हात ठेवावा. ती तिची स्वतःची होती, मालिका सुरू व्हायच्याही आधीपासूनची. रॅव्हेलच्या निमित्ताने ती इच्छा तिने एवढी वर्षं सांभाळून ठेवली होती. जशा आपल्या आया-आज्या धान्याच्या डब्यात नोटा दडवून ठेवायच्या, तशी.

म्हणून घरातली एखादी मालिकेत फारच रमलेली दिसली, तर तिची टिंगल करण्याआधी तिला एक साधा प्रश्न विचारून बघायला हवा, 'तुला यातलं नेमकं काय आवडतं गं?' कुणी सांगेल, त्या नायिकेची नोकरी. कुणी सांगेल, तिच्या नवऱ्याचं नीट बोलणं. कुणी म्हणेल, 'तिचं ते मोठं स्वयंपाकघर!' कुणी म्हणेल, 'ती सासूला तोंडावर बोलते ते!' ज्या उत्तरावर तिचा आवाज किंचित बदलेल, तिथे तिचं काहीतरी राहून गेलेलं असेल. ते सगळंच मिळेल असं नाही. पण त्यातलं एखादं अजूनही करण्यासारखं असू शकतं, अर्ज भरण्याइतकं किंवा तिकीट काढण्याइतकं सोपं.

आणि हा प्रश्न दुसरीला विचारण्याआधी स्वतःलाही एकदा विचारावा. जाहिरातींचा ब्रेक तेवढा मोठा असतोच!